उजवा डबा

"दोन डबे एकमेकांपासून जेवढे लांब ठेवाल तेवढा आवाज खुलतो," असं अकोल्याच्या दुकानदारानं सांगितल्याचं आमचे नानाजी म्हणत. त्याला चार-सहा हात म्हणायचं असेल. नानाजींनी स्पीकरचा एक डबा बैठकीत ठेवला आणि दुसरा थेट माझ्या स्वयंपाकघरात, फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी. मध्ये दोन भिंती आणि एक माजघर.

नानाजी म्हणजे माझे मालक. इंझोरीत लहानथोर सगळे त्यांना नानाजीच म्हणत. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मलाही ते सोयीचं पडलं.

कॅसेटींचा डेक आणला ते साल शहाऐंशी. चंदेरी तोंडाचा, दोन काट्यांचा. गाणं लागलं की काटे थरथरत. दोन माइकही मिळाले होते, म्हणजे आवाज भरूनही घेता यायचा. चैत्रात तो घरी आला, वैशाखात नणंदेचं लग्न झालं, आणि लग्नाची पांगापांग झाल्यावर नानाजींनी चुलीपर्यंत वायर ओढायला घेतली. सासऱ्यांनी विचारलं, "चुलीपाशी कायले गाणं पाह्यजे बे?"

"दुकानदारानं सांगतलं बाबा, लांब ठेवा म्हनून."

सासऱ्यांनी मान डोलावली. शहरातला माणूस म्हणतो म्हटल्यावर ते ऐकून घेत.

अशी मी पोळ्या लाटता लाटता गाणी ऐकायला लागले. काही कॅसेटी नीट वाजत. काहींमध्ये मात्र नुसती बासरीच यायची आणि गाणारा कुठंतरी लांब, विहिरीत उतरल्यासारखा. काहींत तबला भरपूर आणि सतारीचा पत्ताच नाही. मला वाटायचं, गाणी अशीच असतात. गाणं संपलं की बैठकीतून हाक यायची, "आयकलं का?"

मी तव्यावरची पोळी उलटत ओरडायची, "आयकलं!"

एका कॅसेटीला मात्र मी उत्तर दिलं नाही. ती ललिताच्या हळदीची.

ललिता म्हणजे ती नणंद. तिच्या हळदीला बारा दिवस राहिले असताना माझा राजू जन्मला. सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही, म्हणून धनजहून माझी माय आली होती, माझं आणि बाळाचं करायला. माझा बाप जाऊन वर्ष झालं होतं. माझी माय म्हणजे ओव्यांचं गाठोडं. धनजमध्ये कुणाच्याही घरी हळदीचं जातं मांडलं की पहिलं बोलावणं तिला. बाप गेला आणि बोलावणी थांबली. कपाळ पांढरं झालेल्या बाईनं हळदीच्या जात्याला हात लावायचा नसतो. तिनंही गाणं सोडलं. वर्षभर ओठावर ओवी नाही.

"हळदीच्या आंधी मी धनजले जातो," ती मला म्हणाली. "तुह्या सासरच्या कार्यात माही अडचन नको."

मी बाजेवर उठून बसले. "माह्या घरात तुले कोनी बाजूले बसवलं तर मी पाहून घेईन. तू थांब."

"पाहून घेनारी आली मोठी! नीज गुमान."

पण थांबली. माझ्या शब्दावर थांबली. हे मी कधी विसरले नाही.

हळदीच्या सकाळी मी मागच्या खोलीत. दार लावलेलं, खिडकीला गोधडी, कानात कापूस, वरून फडकं घट्ट बांधलेलं. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीला असंच जपत. गल्लीत डफडी वाजत होती, त्यांची फक्त धडधड माझ्या पाठीला कळायची. अंगणात काय झालं ते मला दिसलंही नाही, ऐकूही आलं नाही.

दुपारी माय शेगडी घेऊन आत आली. तिचे डोळे लाल होते, आणि घसा बसला होता. आवाजच फुटत नव्हता.

कानावरचं फडकं सारून मी विचारलं, "माय, तुले बसवलं का वं जात्यावर?"

"जात्यावर कायले बसवतीन मले, येडी? मी तिकडं खांबापाशी बसली होती." आणि हसली.

ते हसणं मी ओळखलं असं मला वाटलं. सकाळभर रडली असेल, म्हणूनच घसा बसला आणि डोळे लाल झाले. मला कळू नये म्हणून आता हसते आहे. मी भिंतीकडं तोंड केलं. लग्न लागलं तशी ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं धनजला गेली. म्हैस शेजाऱ्यांवर टाकून आली होती, जाणं भागच होतं. पण मी त्याचाही वेगळा अर्थ घेतला. भादव्यात तिला ताप आला. निरोप मिळून मी पोचले तोवर ती गेली होती.

डबा चुलीपाशी लागायला पावसाळा गेला; मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी नानाजींनी ती कॅसेट लावली. माझ्या फळीवरच्या डब्यातून जातं घरघरायला लागलं. मग माझी जाऊ हिरीबाई गायला लागली,

"हळद दळतो बाई, ललिताच्या नावाची,
सांग वं कोन आली, पाहुनी कोन्या गावाची?"

ओवीत असं विचारलं की जात्याच्या पलीकडची बाई उत्तर देते. ती रीतच आहे. मी लाटणं थांबवून कान दिला. उत्तर नाही. नुसतं जातं, घर्र घर्र. डफड्यांच्या गलबल्यात कोणीतरी लांबून काही म्हणतंय असा भास, हिरीबाईचं कुणा मामीला ओरडणं, पुन्हा तीच ओवी, मग पुढची. पुन्हा विचारणं, पुन्हा रिकामं जातं. जिथं माझी माय बसायची, तिथं कुणीच नव्हतं. ती रिकामी जागाच कॅसेटीत भरून ठेवली होती.

बैठकीतून हाक आली, "आयकलं का?"

मी तवा उतरवून ठेवला. मग नानाजी स्वतः आत आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "काय गाते वं तुही माय!" म्हणाले.

हातातलं लाटणं मी तसंच त्यांच्यावर उगारलं. "मेलेल्या मानसाची थट्टा करता?" मी म्हटलं. "पुन्यांदा ही कॅसेट माह्या कानावर आली तर मी घर सोडून जाईन."

ते कितीतरी वेळ दारात उभे राहिले, मग जाऊन कॅसेट काढून ठेवली. ती कॅसेट मग मी असताना कधी लागली नाही. शेतातून परतताना एक-दोनदा मला अंगणात घरघर ऐकू आली. मी आत आले की टक्‌ करून बंद.

हिरीबाईला मी एकदा तोंडावर म्हटलं, "माह्या मायले खांबापाशी बसवलं तुमी." ती म्हणाली, "तिनंच जागा धुंडली बाई, मी कायले बसवू?" मला ते वरवरचं वाटलं. आमच्या चुली वेगळ्या झाल्या. त्याची कारणं दहा सांगता येतील, पण माझ्या पोटातलं कारण हेच. हिरीबाई टाळेबंदीच्या वर्षी गेली. नानाजी तिच्या आदल्या वर्षी.

एवढं सगळं आता लिहायचं कारण म्हणजे, यंदा राजूनं होम थिएटर आणलं.

बैठकीला आता हॉल म्हणतात. खाली गुळगुळीत फरशी, भिंतीवर दाराएवढा टीव्ही. राजूला मॅच पाहायचं वेड. कारंज्याहून टेम्पोतून खोकी आली तेव्हा मला वाटलं पेरणीचं यंत्र आलं. एकेक उघडत गेले तर आत डबेच डबे. दोन उभे, दोन छोटे, एक आडवा, आणि एक काळा, जमिनीवर ठेवायचा, पाटाएवढा रुंद.

"सहा?" मी विचारलं. "एका टीव्हीले सहा?"

"आई, जुना जमाना गेला," राजू म्हणाला. "आता चहूबाजूनं आवाज येते."

सून साधना दारातून म्हणाली, "चहूबाजूनं मीच बलावतो ना तुमाले, तवा येते का आयकू?"

बसवायला आलेल्या कारागिराचं नाव बादल. तिशीतला, दाढीवाला, कानावर पेन्सिल. त्यानं फीत काढून हॉल मापला, भिंतींपासूनचं अंतर घेतलं आणि फरशीवर खडूनं एक फुली मारली. त्या फुलीवर माझी वेताची खुर्ची ठेवली.

"बसा आजी."

"मी कायले? राजूले बसव."

"नाई, तुमीच. ही मधातली जागा हाये. सगळे आवाज अथीच येऊन भेटतात. पहिला मान घरच्या मोठ्या मानसाचा."

मी बसले. नात निकितानं रिमोट दाबला. पडद्यावर तळं आणि धुकं. बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या पाठीमागं, उजव्या खांद्याच्या जरा वर, पंख फडफडले. मी वळून पाहिलं. मागं भिंत आणि नवं कॅलेंडर. तेवढ्यात शेकड्यानं पाखरं माझ्या मागून उठली, डोक्यावरून गेली, आणि पुढं पडद्यावर उतरली. मी खरंच मान खाली घातली. सगळे हसले, पण मला राग आला नाही. अंगावर काटा होता. मग ढग गडगडले ते पायाखालून, त्या काळ्या डब्यातून. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटं थरथरली.

"भूकंप करता का बाप्पा?" साधना ओरडली.

मी हात हळूच पुढं केला. आवाज कुठून येतो ते चाचपायला. गंमत अशी की आवाज डब्यांतून येत नव्हता. डब्यांच्या मधल्या रिकाम्या हवेतून येत होता, जिथं काहीच ठेवलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडली माझी, मोटेचं पाणी पाहिलं, वीज गावात आलेली पाहिली, पण रिकाम्या जागेतून पाखरू निघालेलं पहिल्यांदाच पाहिलं. पाहिलं म्हणजे ऐकलं.

बादल मग जुना डेक काढायला वळला. मागून वायर ओढायला लागला तर वायर संपेना. ओढत ओढत माजघरातून तो स्वयंपाकघरात पोचला. तिथून त्याचा हसण्याचा आवाज आला.

"राजूभाऊ! या डेकचा एक स्पीकर किचनमधी काहून हाये?"

"आमच्या बाबानं लावला होता. लांब ठेवले की आवाज खुलते म्हने."

"येवढे लांब?" बादल तो फळीवरचा डबा घेऊन बाहेर आला. त्याच्यावर चाळीस वर्षांची फोडणी बसली होती. "भाऊ, हा स्टिरिओ हाये. हा डाव्या बाजूचा. बैठकीतला उजव्या बाजूचा. अर्धं गाणं ह्याच्यात, अर्धं त्याच्यात. दोघांच्या मधात बसलं तवा कुठी पूरं होते."

"म्हंजे आजीनं अर्धंच आयकलं?" निकिता म्हणाली आणि टाळी वाजवून हसली. "आजी, चाळीस वर्स अर्धंच गानं! आन आबानं दुसरं अर्धं!"

मीही हसले. हसता हसता थांबले.

"बादल," मी विचारलं, "आपन घरीच भरलं असन तर? माइक लावून?"

"माइक किती होते?"

"दोन."

"दोन असतीन तर तसंच. एक माइक डाव्यात, एक उजव्यात."

मी उठले. गुडघे दुखत होते, तरी कोणाचा हात घेतला नाही. मागच्या खोलीत माझी लोखंडी पेटी आहे. नानाजी गेले तेव्हा त्यांच्या कपाटातल्या कॅसेटी भाचे-पुतण्यांनी नेल्या. ही तेवढी मीच पेटीत टाकली होती, बापाच्या धोतराखाली. ऐकायची नव्हती आणि टाकवतही नव्हती. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'ललिताची हळद, वैशाख.'

हातात घेतली आणि पेटीवरच बसून राहिले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? उजव्या डब्यातही नुसतं जातंच निघालं तर? आत्तापर्यंत निदान रागावायला एक जागा होती. राग करायचा तर हिरीबाईचा, नानाजींचा. पण त्याखाली एक गोष्ट होती, ती कुणाला सांगितली नव्हती. माझ्या शब्दावर ती थांबली होती. मी म्हटलं नसतं तर ती आधीच गेली असती, आणि परक्या अंगणात खांबाला टेकून बसायची वेळ तिच्यावर आली नसती.

मीही आता तशीच. मागल्या वर्षी पुतणीच्या हळदीत मला खुर्ची दिली, मंडपाच्या कडेला, पंख्याजवळ. "आजी, तुमी आरामात बसा." खुर्ची मऊ होती.

"आई?" राजू दारात आला. "काय झालं?"

"हे लाव," मी म्हटलं.

त्यानं अक्षर पाहिलं. "हे तं बाबा मी एकटा असलो की लावत. मी लहान होतो तवा. तू आली की बंद करत."

"तू आयकली?"

"आठवत नाई आई. एक बाई गाये, येवढंच."

बादलनं डेक नव्या यंत्राला जोडला. एक लाल पिन, एक पांढरी. कापसानं आतलं पुसलं. कॅसेटची फीत सैल पडली होती, ती कानावरच्या पेन्सिलीनं गुंडाळली. "बसा आजी, फुलीवर," म्हणाला. त्यालाही काहीतरी कळलं असावं. आवाज खाली आला होता त्याचा.

आधी खरखर. मग जातं.

पण हे माझ्या फळीवरचं जातं नव्हतं. ते डावीकडं नव्हतं, उजवीकडंही नव्हतं. ते समोर होतं, माझ्या पायांपासून दोन हातांवर, रिकाम्या फरशीवर. मला त्याचा खुंटा कुठं असेल ते बोटानं दाखवता आलं असतं. त्या काळ्या डब्यानं दगडाचं वजन खाली जमिनीत उतरवलं. तळव्यांना ते कळत होतं. डावीकडून हिरीबाई निघाली, तरुण हिरीबाई, बांगड्यांसकट,

"हळद दळतो बाई, ललिताच्या नावाची,
सांग वं कोन आली, पाहुनी कोन्या गावाची?"

मी डोळे मिटले. आता ती रिकामी जागा येणार.

उजवीकडून एका पुरुषाचा आवाज आला. हलका, घाईघाईचा. "मामी, हे धरा. तोंडाजवळ."

साधनानं पदर तोंडाला लावला. नानाजी होते. तिशीतले.

"मी नाई वो जावई. मी जात्याले शिवत नाई. पाहुन्या काय म्हनतीन?"

माझी माय. माझ्या उजव्या हाताशी, एवढी जवळ की श्वास कळत होता.

"जात्याले शिवू नका ना. वायर लांब हाये माही, खांबापर्यंत पुरते. हात लागू नये म्हनतात, मामी. आवाज लागला तर काय होते?"

कोणीतरी हसलं. डावीकडून हिरीबाई जातं न थांबवता ओरडली, "म्हना ना मामी! माही ओवी अधांतरी लटकून राह्यली!" आणि तीच ओवी पुन्हा टाकली. हे तिचं बोलणं मी फळीवरच्या डब्यात ऐकलं होतं. माझ्या मायला सासरी मामी म्हणत, पण लग्नघरात मामी पुष्कळ; वाटलं होतं, ही गर्दीतली कुणीतरी दुसरीच, आणि तिलाही गाता येत नसावं.

मग घसा खाकरल्याचा आवाज. वर्षभर बंद असलेलं दार उघडताना बिजागरी करते तसा. आणि मग,

"पाहुनी मी आली, धनजच्या मातीची,
ओवी मी आनली, पदराच्या गाठीची."

मी डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. टीव्हीचा काळा पडदा होता आणि त्यात माझी खुर्ची दिसत होती. पण डावीकडं हिरीबाई होती, उजवीकडं माय होती, दोघींच्या मध्ये जातं फिरत होतं, आणि मी तिथं बसले होते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या अंगणात मला कुणी जाऊ दिलं नव्हतं, त्याच्या ऐन मधोमध.

किती गायल्या त्या! हिरीबाईनं विचारायचं आणि मायनं सांगायचं. नवरीचं कौतुक, विहिणीची टिंगल, वरमाईच्या नथीवर एक अशी ओवी की पाहुण्यांचा हशा पाखरांच्या थव्यासारखा उठला. मायचा आवाज आधी अडखळत होता, मग मोकळा झाला, मग चढला, आणि अर्ध्या तासानं बसायला लागला. मी ऐकत होते. घसा बसत चालला होता, ओवीगणिक. जो बसलेला घसा घेऊन ती दुपारी माझ्या खोलीत आली होती, तोच.

शेवटी तो पार चिरला होता, तरी तिनं हिरीबाईच्या विचारण्याची वाट न पाहता एक ओवी स्वतःच टाकली,

"भिंतीआड लेक माही, कुशीमंदी बाळ,
तिच्या घरी आली मले, मानाची सकाळ."

राजू खाली फरशीवर बसला होता. तो चाळिशीला आला आहे. बाळ म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली.

जातं थांबलं. बायका उठल्या, बांगड्या लांब गेल्या. डावा डबा गप्प झाला. त्या दिवाळीत इथवर आलं तेव्हा मी समजले होते, कॅसेट संपली. उजवा डबा अजून चालू होता.

माय म्हणाली, "आत आयकू गेलं असन का वो माह्या पोरीले?"

"आज कुठून जाते? दार लावेल हाये, कानाले फडकं हाये. सव्वा महिना होऊ द्या मामी. मंग हा एक डबा चुलीपाशीच लावून देतो. रोज आयकन."

"तुमचे बाबा काय म्हनतीन?"

"त्याइले सांगीन काहीतरी. दुकानदारानं सांगतलं म्हनीन."

माय हसली. बसलेल्या घशानं, फुस्स करून. तेच हसणं. मग टक्‌.

फीत तशीच सरकत राहिली, नुसता फुसफुसाट. तोही छान वाटत होता. सहा डब्यांतून येणारी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तिलाही खोली असते, अंगण असतं.

माझ्या माणसानं वायर ओढली ती माझ्यासाठी. दोन भिंतींना भोकं पाडून, बापाशी खोटं बोलून. आणि डबा नेला तो नेमका डावा. त्याला काय माहीत होतं? त्याच्या लेखी दोन्ही डबे सारखेच. तो उजव्याशी बसून मायला ऐकायचा, आणि समजायचा की आत मीही तेच ऐकते आहे. हाक मारायचा. आणि मी लाटणं घेऊन त्याच्यावर धावून गेले.

हिरीबाईलाही मी काय काय बोलले.

बादलनं हळूच डेक बंद केला. पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, "आजी, ही मोबाइलमंदी भरून देऊ का? खराब नाई होनार मंग."

"दे," मी म्हटलं. "दोन्ही बाजू दे. एक सोडजो नको."

"आन हा किचनमधला स्पीकर? टाकून द्याचा?"

राजूनं माझ्याकडं पाहिलं. साधना पुढं होऊन तो तेलकट डबा पदरानं पुसायला लागली होती.

"त्याले उजव्याच्या बाजूले ठेव," मी म्हटलं. "चिकटवून. चाळीस वर्स लांब राह्यला बिचारा."

निकितानं दोन्ही जुने डबे टीव्हीखाली शेजारी शेजारी ठेवले. त्यांना वायर नव्हती. नुसते बसले होते, लग्नात म्हातारा-म्हातारी बसतात तसे. मी फुलीवरून उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. फळीवर बरणीशेजारी चौकोनी जागा रिकामी होती, बाकी भिंतीपेक्षा पांढरी. भिंतीतल्या भोकातून हॉलचा उजेड येत होता.

कोणी हाक मारली नव्हती. तरी मी त्या भोकाकडं तोंड करून, दोन भिंती ओलांडून जाईल एवढ्या मोठ्यानं, उत्तर दिलं.

"आयकलं!"